प्रार्थनेत आडवी आलेली शेळी

इंदापूर तालुक्यात देवाला हाक मारणारे पुष्कळ आहेत, पण देवाला दमवणारी बाई एकच, आणि ती माझी थोरली नणंद. घरच्या माणसाचं कौतुक करायची मला सवय नाही, तरी हे मी कौतुकानंच लिहिते आहे. सणसरच्या आमच्या वस्तीवर सगळे त्यांना आक्का म्हणतात, मी वन्सं म्हणते. नवरा गेल्यावर त्या तरुणपणीच माहेरी परत आल्या. पुढं माझा नवरा, म्हणजे त्यांचा भाऊ, गेला आणि मुलगा नोकरीसाठी बारामतीला राहू लागला, तेव्हा घरात आम्ही दोघीच उरलो. आम्ही ख्रिस्ती. दर रविवारी उपासनेला जाणारी माणसं आमच्यात काही कमी नाहीत. पण बाकीचे देवाला भेटायला जातात आणि वन्सं त्याला हुडकायला जातात, चुकलेलं जनावर हुडकावं तशा, रानोमाळ, ज्याला त्याला विचारत. एकदा बारामतीहून येताना भरल्या एसटीत त्यांनी कंडक्टरलाच विचारलं, "बाबा, तुला देव गावला का?" तो म्हणाला, "आजी, हितं बसायला जागा गावंना, देव कुठनं गावायचा?" "मग हुबा राहून हुडक," वन्सं म्हणाल्या. पुढच्या थांब्यापर्यंत तो बिचारा आमच्या बाजूला फिरकला नाही.

त्यांची प्रार्थना मनातल्या मनात कधीच झाली नाही. पलीकडच्या बांधावरच्या माणसाशी बोलावं तसं त्या देवाशी बोलतात. उसाला पाणी देताना एकदा त्या सरीत उभ्या राहून म्हणत होत्या, "कुठं हायस तू? सकाळधरनं हाका मारतीया, ओ का देत न्हाईस?" रस्त्यानं चाललेल्या ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर बंद केला आणि "आलो, आलो आक्का" म्हणत तो चिखलात उतरला. वन्संनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तुला न्हाय रं. पर आलायस तर ते दारं मोडून दे." त्यानं कुदळ घेऊन पाणी पुढच्या सरीत वळवून दिलं. देवाला मारलेली हाक वाया गेली नाही, असं त्या पुढं कितीतरी दिवस सांगत होत्या.

या सगळ्याला वळण लागलं ते एका रविवारी. पाळकांनी शेतातल्या ठेव्याची गोष्ट सांगितली. एका माणसाला शेतात पुरलेला ठेवा सापडतो आणि तो आनंदानं आपलं सगळं विकून ते शेत विकत घेतो, ही प्रभूनं सांगितलेली गोष्ट. उपासना सुटल्यावर मंडळी वाटेनं ठेव्याबद्दल बोलत होती. तो सोन्याचा असेल की चांदीचा, शेत बागायती असेल की कोरडवाहू. वन्संनी माझ्या बरगडीत कोपर मारलं. "सुशे, त्यानं समदं इकलं. आपण काय इकलं?" माझा नवरा तेव्हा जिवंत होता. बहीण आता ऊस मोडून रान विकायला सांगते की काय, या धास्तीनं त्याला दुपारचं जेवण गेलं नाही.

रान वाचलं, पण घरात एक नियम आला. प्रार्थनेला बसल्यावर जे आठवेल ते घराबाहेर. "देवाच्या जाग्यावर दुसरं कोण बसलंय, ते तवाच कळतं," असं वन्संचं म्हणणं. पहिली गेली मिश्री. तिच्यावाचून त्यांचं तोंड असं सुटायचं, की देवासाठी मिश्री सोडलेली बाई शेजारणीशी इतकी भांडते कशी, म्हणून लोक बघायला यायचे. पण डबी पुन्हा आणली नाही. मग टीव्ही गेला. प्रार्थनेत मालिकेतली सासू आठवली, एवढा त्याचा गुन्हा. तो शेजारी दिला, त्यामुळं पुढची मालिका मी त्यांच्या दारात उभी राहून पाहिली. मग आईनं दिलेला तांब्याचा हंडा गेला. घरातली माणसं सावध झाली. माझ्या मुलानं एकदा भीत भीत विचारलं, "आत्या, मी येतो का गं तुझ्या प्रार्थनेत?" "न्हाय रं, तुझा घोर न्हाय मला," त्या म्हणाल्या. हसावं की रुसावं, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि मग प्रार्थनेत चिंगी आडवी आली. चिंगी म्हणजे वन्संनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली शेळी. तिच्यावर त्यांचा जीव होता, माझ्यावर नसेल इतका. कापणीच्या सणाला आमच्यात पिकातलं चांगलं ते देवाला वाहतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. कुणी कणसं आणतं, कुणी उसाची मोळी, कुणी कोंबडा. वन्संनी चिंगी नेली. कालव्यापलीकडच्या एका तात्यांनी ती घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंगी आमच्या दारात उभी. कालव्याच्या कडेनं, पूल ओलांडून, एकटी आली होती. वन्संनी तिला कुरवाळलंसुद्धा नाही. दोरी लावली आणि "दिलं म्हंजे दिलं, समजतंय का तुला," असं वाटभर बजावत परत नेऊन बांधली. ती पुन्हा आली. वन्संनी पुन्हा नेली. शेवटी तात्याच तिला घेऊन आले. "आक्का, ही माझ्याकडं पाल्याला तोंड लावंना. तुमीच ठिवा. मी देवाला दिलं, असं समजतो."

वन्सं दारातल्या लिंबाखाली बसून राहिल्या. दिलेलं परत घ्यावं तर देवाशी लबाडी, न घ्यावं तर जनावर उपाशी. मग उठल्या, चिंगीला दावणीला बांधलं आणि मला म्हणाल्या, "ही आता माझी न्हाय. त्याची हाय. मी निस्ती संभाळती." तेव्हापासून त्यांची प्रार्थना सुरळीत झाली आणि शेजाऱ्यांची पंचाईत. कुणी म्हणालं, "आक्का, तुमच्या शेळीनं माझ्या रानातला घास खाल्ला," की त्या शांतपणे सांगायच्या, "माझी न्हाय ती." "मग कुणाची?" वन्सं वर बोट दाखवायच्या. तक्रार घेऊन तिथं कोण जाणार?

हे सगळं मी दुरून पाहत होते, तोवर गंमत होती. गेल्या हिवाळ्यात माझे गुडघे गेले. बारामतीला चल, असा मुलाचा आग्रह आधीपासूनच होता. वन्संना एकटं टाकून मी जाणार नव्हते. एका सकाळी त्या चुलीपुढं बसून म्हणाल्या, "सुशे, तू जा बारामतीला."

"का? काय केलं मी?"

"काय न्हाय. प्रार्थनेला बसलं की तुझं गुडघं आठवत्यात."

मी वाद घातला नाही. त्यांचा नियम मला पाठ होता. माझी पिशवी त्यांनीच भरली. आम्ही दोघी रडणाऱ्यातल्या नाही, त्यामुळं निघायला उशीर झाला नाही.

बारामतीला नळाला पाणी, डोक्यावर पंखा आणि करायला काम नाही. मुलगा आणि सून चांगली आहेत. तिथलं चर्चही मोठं, पाळकांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. पण उपदेश संपल्यावर आपण काय विकलं, असं विचारत बरगडीत कोपर मारणारं कुणी नाही. प्रार्थनेला डोळे मिटले की लिंब दिसायचा आणि त्याखाली वन्सं दिसायच्या. त्यांच्या नियमानं मी त्यांना मनाबाहेर काढायला हवं होतं. मला ते जमेना. मी सणसरची एसटी धरली.

वन्संनी मला बसूसुद्धा दिलं नाही. "दिलं म्हंजे दिलं," म्हणाल्या आणि स्वतः बसमध्ये बसून मला बारामतीला पोचवून गेल्या. मुलगा दारात उभा राहून हसत होता. काही दिवसांनी मी पुन्हा आले. या वेळी त्यांनी मला पाहिलं, चिंगीला पाहिलं आणि मान खाली घातली. जेवायच्या आधी आशीर्वाद मागताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "देवबापा, ही बी तुझीच. मी निस्ती संभाळती." मग मला म्हणाल्या, "जेव. भाकर गार व्हतीया."

शेळीच्या पंक्तीला बसवलं म्हणून मला राग यायला हवा होता. पण अख्ख्या तालुक्यात देवाला देऊन टाकलेली आणि तिथून परत आलेली बाई दुसरी कुणी असली, तर मला दाखवा. वन्संकडं ठेवा आहे आणि तो त्यांनी फुकट मिळवलेला नाही, हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगेन.

हल्ली त्यांची हाक पलीकडच्या बांधापर्यंत जात नाही. लिंबाखालून उठताना त्या माझा हात धरतात आणि मी दुसऱ्या हातानं भिंत धरते. मी प्रार्थनेला बसले की मला त्यांचा खोकला ऐकू येतो आणि मी पुढचे शब्द विसरते. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर नियम काय म्हणतो, ते दोघींनाही ठाऊक आहे. त्यांना देवाला द्यायची वेळ येईल तेव्हा त्या काही कालव्याच्या कडेनं परत यायच्या नाहीत. तोवर त्या त्याच्या आहेत, मी नुसती सांभाळते.