सेलोफेनमधला गुलाब

महिला दिनाला न्युरेम्बर्गच्या हॉस्पिटलातल्या आमच्या वॉर्डात सेलोफेनमधले गुलाब वाटतात, आणि त्या ओलसर, कोंदट वासाने मला इथल्या मराठी मंडळाचा हॉल आठवतो. भारतातल्या एका दंगलीवरून मंडळातले हिंदू-मुसलमान एकमेकांशी बोलेनासे झाले होते. दोन्हीकडच्या बायका मात्र मुलांची रविवारची मराठी शाळा मिळून चालवतच होत्या, म्हणून समेटाच्या सभेत मी म्हटलं, "बोलणी या बायकांनाच करू द्या." टाळ्या कडकडल्या, प्रत्येकीला सेलोफेनमधला एकेक गुलाब मिळाला, आणि पुरुष बोलणी करायला आतल्या खोलीकडे निघाले. "चहाचं तेवढं बघाल ना?" कुणीतरी म्हणालं. अध्यक्षकाका दारात थांबले, माझ्या हिजाबाकडे बघत कौतुकाने म्हणाले, "छान बोललीस हो पोरी! तुमच्यात बायकांना एवढं बोलू देतात?" त्यांच्याशी महिनाभर अबोला धरलेले आमच्या बाजूचे चाचा त्यावर खो खो हसले, काकांच्या खांद्यावर हात टाकून आत गेले, आणि दार लागलं. मी रोज पू साफ करते, लोकांच्या उलट्या अंगावर घेते, कधी किळस वाटत नाही. यंदा नर्सने गुलाब पुढे केला, तेव्हा मी आधी हातमोजे घातले.