दाराशी ठेवलेली रिळं

४ नोव्हेंबर. सकाळपासून घर हलवण्याचं काम चाललं आहे. स्वेच्छानिवृत्तीनंतर सिल्वासातलं भाड्याचं घर सोडून आम्ही सामरवरणीच्या फ्लॅटमध्ये जातो आहोत. खाली टेम्पो उभा आहे. हमालाने सगळ्यात आधी गॅसची शेगडी उचलली, तेव्हा मी त्याला थांबवलं.

"शेगडी, बादली, अंथरुणं शेवटी चढव. तिथे पोचल्यावर पहिली तीच लागतील."

"मॅडम, ट्रान्सपोर्टमध्ये होता का तुम्ही?"

"पोलिसात होते. बदल्या झाल्या की माणूस शिकतो."

गाडी भरताना पाहिली की एक प्रकरण हमखास डोळ्यांपुढे येतं. मी तेव्हा उपनिरीक्षक होते. गलोंड्याच्या रस्त्यावर एका मालवाहतूक कंपनीची मोठी शेड होती. तिला सगळे गोदाम म्हणत, पण गोदामात माल राहतो, इथे तो राहत नसे. एका बाजूच्या दारांना राखोली, गलोंड्याच्या कारखान्यांतले छोटे टेम्पो लागत. मधल्या फरशीवर शहरांच्या नावांचे पट्टे आखलेले होते. उतरलेला माल त्या त्या पट्ट्यावर वाटला जाई आणि लगेच समोरच्या दारांना लागलेल्या मोठ्या ट्रकमध्ये चढे. साठवण नाही, मांडण्या नाहीत. या पद्धतीला ते क्रॉस डॉकिंग म्हणत.

तक्रार अशी, की नाशिकला जाणारी तांब्याच्या तारेची रिळं आत येतात आणि नाशिकला पोचत नाहीत. हे वरचेवर घडत होतं. गेटवरच्या कॅमेऱ्यात रीळ बाहेर नेणारा कोणी दिसत नव्हता.

खबर शेडच्या सुपरवायझरने दिली. वापीकडचा, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला गोड. "मॅडम, माझं नाव नका लेऊ, पण तो धुळ्याचा लोडर छे ना, रोज मोठी पिशवी घेऊन जाय छे. गेटवाला त्याचा दोस्त."

न मागता मिळालेली खबर मी नेहमी दोनदा वाचते, पण तपासावी तर लागतेच. शिफ्ट चालू असतानाच आम्ही त्या लोडरला जीपमध्ये बसवून ठाण्यावर आणलं. चाळिशीचा, काटक माणूस. पिशवीत काय नेतोस, म्हटल्यावर म्हणाला, "डबा." एवढ्या पिशवीत डबा? "डबाच." आमचे हवालदार टेबलावर हात आपटून म्हणाले, "रिळं कुठे ठेवलीस ते सांग."

"साहेब, चोरलं तरी ठेवू कोठे? तठे ठेवाले जागाच नही."

हवालदारांना तो उद्धटपणा वाटला. मलाही आधी तसंच वाटलं. पण डब्याचं तो खोटं बोलत होता हे उघड होतं, आणि आरोपी म्हणून नोंद करायला एवढं खोटं पुरतं. एकदा नोंद झाली की संपलं. इथले ठेकेदार एकमेकांना ओळखतात. एका शेडमधून चोर म्हणून निघालेल्याला दुसरा कोणी गेटच्या आत घेत नाही. त्याला बायको आणि दोन मुली होत्या, आणि सामरवरणीत एक खोली.

त्या खोलीची झडती मी स्वतः घेतली. तांबं नव्हतं. पिशवीत निघाल्या खोक्यांना बांधलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या, निळ्या आणि पिवळ्या, कापून फेकून दिलेल्या. कोपऱ्यात त्याच पट्ट्यांनी अर्धी विणलेली खाट. शेडमधला कचराही बाहेर न्यायचा नाही असा नियम होता, म्हणून तो 'डबा, डबा' करत होता. बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"चोर नही हाऊ, मॅडम. चिकट शे. खाटनी पट्टी इकत लेत नही."

हवालदार तोंड फिरवून हसले. मी मात्र त्याचं उत्तर पुन्हा मनात घोळवलं. ठेवायला जागाच नाही, हे खरं होतं. जिथे माल थांबत नाही तिथे चोरीचा मालही थांबणार नाही. तो रोजच्या मालासारखा समोरच्या दारातूनच जाणार.

त्याच दुपारी मी साध्या साडीत शेडवर गेले. लोडरच चोर ठरला अशा समजुतीत सुपरवायझरने निर्धास्तपणे चहा मागवला. समोर अहमदाबादचा ट्रक भरत होता. वाटेत सुरतला थोडा माल उतरवून पुढे जाणारा. अहमदाबादची खोकी आत, सुरतची दाराकडे. आधी उतरायचं ते शेवटी भरायचं. सगळं भरून झाल्यावर काळ्या प्लास्टिकमधली रिळं आली आणि अगदी दाराशी लागली.

"ही कुठली?" मी सहज विचारलं.

"अहमदाबादची, मॅडम."

"बरं," म्हणून मी चहा संपवला. चार बदल्यांत मी शेगडी कधी कपाटाच्या मागे टाकली नव्हती. अहमदाबादचा माल सुरतच्या मालाच्या पुढे, दाराशी ठेवला, तर सुरतला सगळा ट्रक अडून बसेल. चुकून पडलेलं खोकं कुठेही पडतं. दाराशी ठेवलेलं खोकं सुरतच्याही आधी उतरायचं असतं.

आमची हद्द छोटी, थोडं पुढे गेलं की गुजरात. पंच सोबत घेऊन खासगी गाडीने आम्ही ट्रकच्या मागे निघालो. हद्दीच्या अलीकडे एका बंद कारखान्याच्या आवारात तो वळला. दार उघडलं, रिळं खाली आली आणि आम्ही समोर उभे राहिलो. चालकाच्या केबिनमध्ये ट्रकच्या दाराला लावायचं दुसरं कोरं सील मिळालं. फोडलेल्या सीलच्या जागी लावायला ते सुपरवायझरनेच दिलं होतं. चालकाने ठाण्यापर्यंतही वाट पाहिली नाही, जीपमध्येच सगळं सांगितलं. सुपरवायझर संध्याकाळी सापडला, तोच शर्ट, बोलणं मात्र कमी झालेलं.

वस्तू कुठे गेली हे सगळे विचारतात. ती आधी कुठे उतरणार होती हे विचारलं, की उत्तर लवकर मिळतं. दुसरं असं, की खोटं बोलणारा प्रत्येक जण तुमच्या गुन्ह्याबद्दलच खोटं बोलत असतो असं नाही. त्याचं स्वतःचं काही छोटं झाकायचं असतं.

लोडरला संध्याकाळीच सोडलं. जाताना त्याने एकच विचारलं, "मॅडम, उद्या कामावर घेतील का?" मालक तोंडावर हो म्हणतील आणि गेटवरचे कुजबुजतील, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप घेऊन सामरवरणीला गेले. तो मागे चढायला लागला.

"पुढे बस," मी म्हटलं. "आधी तुलाच उतरायचं आहे."

शिफ्ट बदलायची वेळ होती, गेटवर दोन्ही शिफ्टची माणसं उभी होती. मी जीप बरोबर त्यांच्यामध्ये थांबवली, म्हणजे माझ्या शेजारून उतरताना त्याला सगळ्यांनी पाहावं.