कडेचं गवत

माळीदादांनी सव्वीस वर्षं महापालिकेच्या बागांमधलं गवत कापलं, आणि सत्ताविसाव्या वर्षी त्यांना हुकूम झाला की कापायचं नाही. पाण्याच्या टाकीमागचा अकरा एकरांचा माळ शहराने पशुपक्ष्यांसाठी जसाच्या तसा ठेवायचं ठरवलं होतं. कोणाला कचरा टाकू द्यायचा नाही, झाड तोडू द्यायचं नाही आणि स्वतःही कशाला हात लावायचा नाही, एवढंच दादांचं काम. आता ज्या माणसाला घरातल्या चपलासुद्धा एका रेषेत लागतात, त्याने हे सोसायचं तरी कसं?

गवत छातीला लागलं. समोरच्या इमारतीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका रोज सकाळी फाटकाशी थांबून विचारायच्या, "काय हो माळी, झोपा काढायचा पगार मिळतो वाटतं?" दादा समजावून थकले. पालथ्या घड्यावर पाणी. घरी बायकोही काही कमी नव्हती. "अहो, तो विळा गंजायला लागला. भाजी चिरायला तरी आणा घरी," म्हणायची.

त्यातून माळाला मुदत वर्षभराचीच. तिथे वाहनतळ हवा असणारे टपूनच बसले होते. उद्यान खात्याच्या मॅडमनी दादांना स्पष्ट सांगितलं होतं, "सोमवारी समिती येतेय. अंडी असलेलं एक तरी घरटं दाखवा, म्हणजे जागा कायमची राखीव होईल. नाहीतर माझाही नाइलाज आहे."

वटवट्याची एक जोडी माळावर होती खरी. पक्षी बोटभर, बडबड दिवसभर. चोचीत काडी घेऊन गवतात शिरायचा की गडप. दादा तीन आठवडे गवत हाताने सारत पार ओढ्यापर्यंत फिरले. अंगभर खाज, पायात काटे, आणि घरटं काही सापडेना. एवढंसं पाखरू आपल्याला खेळवतंय, याचा त्यांना मनस्वी संताप यायचा.

शनिवारी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "माझ्या शाळेत असता तर वर्गाबाहेर उभं केलं असतं तुम्हाला."

दादांचं डोकंच फिरलं. समिती येणार, निदान कड तरी नीटनेटकी दिसू दे, असं स्वतःला पटवत त्यांनी विळ्याला धार लावली आणि फाटकापासून पायवाटेची एक बाजू हातभर रुंद कापत नेली. हात कसा सपासप चालला. कित्येक महिन्यांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

तीस पावलांवर हातातली जुडी ओली लागली. पाहतात तो पात्यांना पाती शिवून केलेली मुठीएवढी पिशवी, मधोमध चिरलेली. चार अंडी होती, चारही फुटली होती. ओढ्यापर्यंत शोधलेलं घरटं वाटेला खेटून होतं, रोज ते जिथून जायचे तिथेच. दादांनी विळा खाली टाकला. "कुठली मेली ही खोड," ते स्वतःलाच म्हणाले, "जरा कळ काढवली नाही." जोडी तारेवर बसून ओरडत होती.

मुख्याध्यापिका बाजारातून परतताना फाटकाशी थांबल्या. कापलेली कड त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत समाधानाने पाहिली.

"शाब्बास, दादा," त्या म्हणाल्या. "आता कुठे काम केल्यासारखं दिसतंय. उरलेलंही सोमवारच्या आत उरकून टाका."