हँडल सोडल्यावर

मघाशी वीज गेली आणि खालच्या दुकानदाराने बटण दाबून जनरेटर चालू केला. डिझेलचा वास घरात आला, तशी मी मनानं थेट कुरुंदवाडला, मामाच्या विहिरीवर जाऊन पोचले.

तेव्हा मी कोल्हापुरात बीएस्सीला होते. मामा बाजाराला गेलेला, ऊस सुकत चाललेला आणि विहिरीवरचं डिझेल इंजिन चालू करायला मामी नि मी दोघीच. हँडल मारून जड चाक फिरवायचं आणि वेग आला की वरचा खटका पाडायचा, म्हणजे आत हवा दाबली जाऊन इंजिन धरतं. मी घाईनं आधीच खटका पाडला. चाक जागीच अडलं.

"आगं, चाकाला जोर तर धरू दे की," म्हणत मामीनं खटका स्वतःच्या हाती घेतला.

मी दात-ओठ खाऊन फिरवत राहिले. चाक घुमायला लागल्यावर ती म्हणाली, "सोड आता." मी हँडल काढलं, तरी चाक फिरतच होतं.

"आता कोण फिरवतंय गं त्याला?" मामीनं विचारलं.

"गतिज ऊर्जा."

"ती कुठनं आली?"

केलेलं कार्य म्हणजे गतिज ऊर्जेतला बदल, हे मी परीक्षेत कितीदा तरी लिहिलं होतं. त्या दिवशी मात्र मी आधी माझे लाल तळवे बघितले, मग ते चाक. माझ्या दंडातनं गेलेला जोर समोर गरगरत होता.

मामीनं खटका पाडला. चाक क्षणभर जड झालं, पण अडलं नाही. ठोके सुरू झाले आणि पाटात पाणी आलं.

आत्ता वीज आली. दुकानदाराने जनरेटर बंद केला, तरी तो लगेच थांबला नाही. आत अजून काय शिल्लक आहे, ते मी खिडकीत उभी राहून ऐकत राहिले.