फायर स्टेशनातलं पथ्य

चंद्रपूरच्या फायर स्टेशनात माझी उमर गेली. उन्हाळ्यात कोळशाचे ढीग आतल्या आत पेटत. वरून पाणी मारलं की विझल्यासारखे दिसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धुमसू लागत. दोन हजार सालानंतरच्या एका मे महिन्यात घुग्घुसच्या रस्त्यावरच्या अशाच एका आगीवरून आम्ही परतत होतो. गाडी माझा शिफ्टचा सोबती चालवत होता. शहरातल्या मुसलमान मोहल्ल्यातला, माझ्याच वयाचा. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मी हाक मारली, खांदा हलवला. तो गेला होता.

नंतर त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची बायको म्हणाली, "भाऊ, चार-पाच रोजपासून छाती जड आहे म्हणत होते. गॅस झाला म्हणे, अन् सोडा पिऊन ड्यूटीवर जाये."

मग आमची सगळ्यांची तपासणी झाली. बहुतेकांचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं, माझंही. दवाखान्यातून एक आहारतज्ज्ञ बाई दर मंगळवारी येऊ लागल्या. किरकोळ बांध्याच्या, आवाज हळू. भाषण देत नसत. काल काय खाल्लं, किती झोपला, एवढंच एकेकाला विचारत. आमच्या शिफ्टचा प्रमुख दांडगा माणूस होता, तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाई, आमी आगीत मरणारे लोक. आमाले तेलानं काय होते?"

बाईंनी विचारलं, "आजवर आगीत कोण मेलं तुमच्यातलं?"

गेलेले सगळे डोळ्यांसमोर आले. कोणी घरी खाटेवर गेला होता, कोणी बाजारात, आणि आमचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर. आगीत एकही नाही.

आम्ही स्टेशनातच मिळून रांधायचो. त्या आठवड्यापासून रश्श्यावरची तेलाची तर्री वाटीत काढून ठेवू लागलो. चव गेली म्हणून रोज कुरकुर व्हायची. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडणं त्याहून कठीण होतं. तो आम्ही शौकानं खात नव्हतो, झोप उडवायला खात होतो. माणसं कमी होती, रिकाम्या जागा भरत नव्हते, एकाची ड्यूटी संपली की त्यालाच पुढची लागायची. बाईंनी त्याबद्दल साहेबांकडे दोनदा सांगून पाहिलं. एका मंगळवारी बाकावर बसत म्हणाल्या, "खाणं मी सांगू शकते. झोप कुठून आणू तुमच्यासाठी?" त्या दिवशी त्याही आमच्यासारख्याच थकलेल्या दिसल्या.

तरी मी खर्रा सोडला. पहिले काही आठवडे डोकं भणभणायचं, बायकोवर उगाच ओरडायचो. सकाळी ड्यूटी सुटली की घरी जाण्याआधी रामाळा तलावाच्या बाजूनं चालायचो. पाय ओढत चालायचो, पण चालायचो.

दिवाळीनंतर एका दुपारी अंगणात होजपाईप गुंडाळताना आमचा प्रमुख मटकन खाली बसला. हवेत गारवा होता, पण त्याची बनियन घामानं भिजली होती. तो जबडा चोळत होता. हृदयाचा झटका असाही येतो, हे बाईंनी आम्हाला सांगून ठेवलं होतं. मी जीप काढायला लावली.

"गॅस होय," तो म्हणाला. "बसू दे मले जरासा."

"दवाखान्यात बस," मी म्हटलं.

"मेल्यावानी काऊन उचलून राह्यला मले?" तो चिडला, हात झटकू लागला. दोघांनी धरून त्याला जीपमध्ये घातलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं.

तो वाचला. पण गाडीवर जाणं बंद झालं आणि त्याला फोनवर बसवलं. फोन आला की घंटा तो वाजवायचा, धावायचो आम्ही. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत तो खिडकीत उभा असायचा. कित्येक महिने माझ्याशी धड बोलला नाही. एकदा चहा पिताना म्हणाला, "तू वाचोवलं मले, ते खरं हाय. पण बसून बसून जीव उबून गेला." मी त्याच्या कपात थोडा चहा ओतला.

पुढे बाईंची गडचिरोलीला बदली झाली. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. तर्री पुन्हा ताटात आली, खर्रा पुन्हा खिशात आला. मी कोणाला टोकलं नाही. जोडीच्या ड्यूट्या करून आलेल्या माणसाला काय टोकायचं?

दोनेक वर्षांनी बहिणीकडे कुरखेड्याला जाताना गडचिरोलीच्या बसस्टँडवर बाई दिसल्या. कागदात भजी घेऊन उभ्या होत्या. मला ओळखून जरा ओशाळल्या. "सकाळपासून दौऱ्यावर आहे, पोटात काही नव्हतं," म्हणाल्या. मी सांगितलं की आमचा प्रमुख अजून आहे, फोनवर बसतो, मागच्या महिन्यात पोरीचं लग्न केलं त्यानं. बाईंनी कागद माझ्यापुढे धरला. मी एक भजं घेतलं. तेवढ्यात त्यांची बस लागली, आणि पिशवी सावरत त्या गर्दीत शिरल्या.