स्वतःला दिलेले चार गुण

साकोलीच्या आमच्या कार्यालयात स्वयंमूल्यांकनाचे अर्ज गोळा करणे माझ्याकडे होते. शेवटी दोन रकाने असत: स्वतःच्या कामाला दहापैकी किती गुण, आणि कामातल्या समाधानाला किती. अर्ज चारच्या बसने भंडाऱ्याला जायचे होते. यादीवर खुणा करत तीन वाजता मी शेवटच्या अर्जापाशी आले आणि थांबले.

अर्ज संगणकावर बसणाऱ्या, एकोडी गावच्या मुलीचा होता. सहा वर्षे कंत्राटावर. काम चार, समाधान दहा. कामात पाचाच्या खाली असेल त्याचे कंत्राट वाढवायचे नाही, असे त्या वर्षी वरून पत्र होते.

मी तिला बोलावले. "चार काहून दिले?"

"आपल्याच तोंडानं आपली तारीफ कशी करू, मॅडम?"

अर्ज घेऊन जाणारा शिपाई दारातून म्हणाला, "मी त दहा देले. मीच मले कमी देईन त दुसरा कोन देईन?"

"तुमचं बरं आहे भाऊ, नुसते बसून राहाचेच दहा," ती म्हणाली.

मला हसू आले नाही. आमच्याकडे उभ्या धानाबद्दल कोणी विचारले तर लोंब्या वाकलेल्या असल्या तरी "आहे जसा तसा" म्हणतात. चांगला म्हटला की नजर लागते. तिने अर्जही तसाच भरला होता.

खाडाखोड चालत नव्हती. कोरा अर्ज एकच उरला होता. मी एक कागद ओढला आणि तिची कामे लिहीत गेले. दाखले, आवक-जावक, बिघडलेला प्रिंटर, रजेवरच्या दोघांची टेबले. चौदा झाली.

"यातलं तू करत नाहीस ते खोड."

तिने कागद खालपर्यंत वाचला. साडेतीन झाले. पेन उचललेच नाही.

"तुमी किती देले सोताले?"

"नऊ."

"अन् समाधान?"

मी माझा अर्ज पालथा घातला. समाधानाच्या रकान्यात तीन लिहिले होते.

"मॅडम, बस जाऊन राहिली न!" शिपाई ओरडला.

तिने कोऱ्या अर्जावर कामापुढे सहा लिहिले.

"आठ लिही."

"सहाच राहू द्या. आठ लिवले त मले झोप नाही येनार."

शिपाई पाकीट घेऊन पळाला.

पुढच्या महिन्यात कंत्राटे वाढवल्याचा आदेश आला. त्यात तिचे नाव होते. सांगायला मी तिच्या टेबलाशी गेले, तर एका म्हाताऱ्याला ती सही कुठे करायची ते दाखवत होती.

"थांबा मॅडम, बाबाचं होऊ द्या पहिले."

आदेश हातात धरून मी थांबले.