सगळ्यांच्या गोधड्या

वत्सलाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी धाराशिवच्या बसस्टँडवर होते, त्यांच्याकडंच निघालेले. मागच्या खेपेला माझी शाल त्यांच्या घरी राहिली होती. शालीचं नुसतं निमित्त... भेटायचं होतं. ढोकीची गाडी लागली, मी पाय उचलला, अन् फोन वाजला. त्यांचा मुलगा सुधीर म्हणाला, "मावशी, आईनं चहा मागितला. मी घेऊन येईपर्यंत..." गाडी निघून गेली तरी मी तिथंच उभी होते. ह्या गोष्टीला आता महिना झाला.

ढोकीत त्यांना सगळे लहान मुलांच्या डॉक्टर म्हणून ओळखायचे. पण बाईंचा जीव खरा अडकला होता तो अंथरूण ओलं करणाऱ्या पोरांच्या झोपेत. ह्या विषयावर आपल्याकडं बोलतंय कोण? आई चोरून सांगते, आजी तीळ-गूळ चारते, कुणी गंडा बांधतं, कुणी तर डागसुद्धा देतं. बाई म्हणायच्या, "सगळे अंथरूण बघतात गं शोभा. पोरगं झोपतं कसं, ते कुणी बघितलंय का?" आईबापांना विचारून त्या वही घेऊन पोरांच्या उशाशी रात्र काढायच्या. बरं, जनाची लाज म्हणून नाही! एकदा लग्नात भर पंगतीत शेजारणीला विचारलं, "तुमचा धाकटा घोरतो का हो? अंथरूण कोरडं असतं का?" त्या बाईच्या हातातली जिलबी हातातच राहिली. मला मेल्याहून मेल्यागत झालं. पण पुढं त्या पोराचं नाकामागचं वाढलेलं मांस काढलं, घोरणं थांबलं अन् अंथरूणही कोरडं राहायला लागलं. ती शेजारीण नंतर पेढे घेऊन आली होती.

आमची गाठ पडली ती माझ्याच चुकीमुळं. ढोकीच्या अलीकडच्या एका गावात मी ऊसतोड करणाऱ्यांच्या मुलींचं वसतिगृह सांभाळायची. आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन कर्नाटकात जायचे अन् पोरी सहा महिने माझ्या गळ्यात. चाळीस पोरी, मी अन् एक स्वयंपाकीण. माझा स्वभाव आधीच तिखट. त्यात चौथीतली कोमल रोज अंथरूण ओलं करायची. मी काय करायचं बाकी ठेवलं होतं? पाचनंतर तिचं पाणी बंद केलं. बारा वाजता उठवून मोरीवर नेलं. तरी सकाळी ओलंच. शेवटी माझी आई माझ्या भावाला करायची तेच केलं... ओली गोधडी दारापुढच्या तारेवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. लाज वाटली की सवय सुटते, असं मी लहानपणापासून ऐकत आलेली. भावाची सवय त्यानं सुटली का, हे मात्र मी कधी आठवून बघितलं नाही. कोमलचं थांबेना, तेव्हा तिच्या बापाला फोन लावला, "पोरगी घेऊन जावा. मला न्हाय झेपत." उसाच्या फडावरून तो बिचारा म्हणाला, "मावशी, हितं आणली की शाळा सुटली म्हणून समजा. मोळ्याच वाहील ती." मी ऐकलं नाही. मग तो म्हणाला, रविवारी येतो.

त्याच आठवड्यात बाई पोरींच्या तपासणीला आल्या. तारेवरची गोधडी त्यांनी बघितली. कोमलचं पोट दाबून बघितलं, शौचाला साफ होतं का, लघवीला जळजळ होते का, सगळं विचारलं. लघवी तपासायला पाठवली, त्यात काही निघालं नाही. बाप रविवारी न्यायला येणार, हे मी सांगितल्यावर म्हणाल्या, "रविवारपर्यंत मला दे तिला." तिच्या बापाला फोनवरून विचारून त्या तीन रात्री पोरींच्या खोलीत बसल्या. प्लास्टिकचं स्टूल, मांडीवर शंभर पानी वही, बॅटरीवर लाल कापड बांधलेलं, हातात पेन्सिल. पेनची टकटक होते म्हणे! मी मनात म्हटलं, रिकामपणाचे उद्योग.

शनिवारी सकाळी त्यांनी वही माझ्यापुढं धरली. बारीक अक्षरात लिहिलं होतं. अकरा, जागी. साडेअकरा, जागी, हाताला चिमटे काढते. बारा, शोभानं उठवून नेलं, येऊन पुन्हा जागी. दोन, जागी. तीन, झोपली. साडेचार, ओलं. तिन्ही रात्री तेच. "तुला वाटतं ही मेल्यागत झोपती," बाई म्हणाल्या. "अगं, ही झोपतच न्हाय. झोपलं की ओलं होणार, अन् ओलं झालं की गोधडी तारेवर जाणार, ह्या धास्तीनं पोरगी जागती. पहाटं दमून अशी पडती, की आतून कितीबी हाका आल्या तरी तिला ऐकू येत न्हाईत. असली झोप काय कामाची?" मी वही मिटली. माझ्या डोळ्यापुढं ते चिमटे काढणारे हात आले अन् मी सरळ रडायला लागले. बाईंनी रडू दिलं.

दुपारी त्या बाजारातून जाड दोरी घेऊन आल्या. वसतिगृहाच्या मागं, लिंबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत बांधली. म्हणाल्या, "उद्यापासनं रोज सगळ्यांच्या गोधड्या उन्हात. ओली असो, कोरडी असो." मी विचारलं, "माझीबी?" "मग? तू काय आभाळातनं पडलीस?" 

रविवारी कोमलचा बाप आला. पोरगी पेटी भरून दारात बसलेली, मान खाली. बाई शेजारी उभ्या होत्या, पण बोलायचं मलाच होतं. मी म्हणाले, "दादा, चूक माझी हाय. पोरीला राहू द्या." त्यानं पेटीकडं बघितलं. मग बाईंना म्हणाला, "सुटंल का हे?" "सुटंल. फक्त घाई करू नका," बाई म्हणाल्या. तो संध्याकाळच्या गाडीनं एकटाच परत गेला. कोमलचं लगेच थांबलं असं नाही. चार दिवस कोरडे, दोन ओले, असं वर्ष गेलं. पण मागच्या दोरीवर चाळीस गोधड्यांत तिची कुठली, हे कुणाला कळायचं नाही. पोरगी रात्री झोपायला लागली, दहावी झाली, आता बेंबळीला सासरी असते. बाई गेल्याचं कळल्यावर फोनवर नुसती रडत होती.

दोन महिन्यांपूर्वी मी बाईंना शेवटचं भेटले. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली. मला बघून त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. "शोभा, आज नको गं... उद्या ये." खोलीतल्या वासावरून मला कळलं. सून दारात अवघडून उभी होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांची लाज झाकली त्या बाईनं, अन् आता स्वतःच्या... आम्ही दोघींनी त्यांना पुसलं, कोरडं नेसवलं. मग मी घरभर फिरले. त्यांची चादर धुतली, सुधीरची दुलई, सुनेची गोधडी, नातवाचं पांघरूण, दिवाणावरचं बेडशीट, सगळं नेऊन परसातल्या दोरीवर टाकलं. दोरी बरोबर त्यांच्या खिडकीसमोर होती.

बाई बराच वेळ बाहेर बघत होत्या. मग जड जिभेनं म्हणाल्या, "तुझी कुठं हाय?"

"मी पाव्हणी. माझी कुठली?"

"न्हाय चालत."

मी अंगावरची शाल काढली अन् दोरीवर टाकली. तेव्हा कुठं त्या हसल्या, अर्ध्याच ओठानं. थोड्या वेळानं त्यांचा डोळा लागला. मी स्टूल ओढून उशाशी बसले अन् त्या झोपतात कशा, ते बघत राहिले. चांगल्या दोन तास गाढ झोपल्या. शेवटची गाडी गाठायच्या घाईत शाल दोरीवरच राहिली.

परवा सुधीरकडं जाऊन आले. बाईंचा पलंग हलवलाय, खिडकी उघडी असते. सून अजून रोज सकाळी घरातली सगळी अंथरुणं उन्हात टाकते, अन् त्यांच्या ओळीत माझी शालही. "मावशी, काढून देऊ का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, राहू दे तिथंच.